उद्यमी स्वभाव, निवांत स्वभाव : यश व आरोग्य यांचा प्रकृतिविचार

‘वैद्यराज, मला पित्त आहे म्हणून राग येतो, की राग येतो म्हणून पित्त होते?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने चिकित्सालयात ऐकलेला आहे. बहुधा आपण हसतो, पथ्य सांगतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. परंतु या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि रुग्ण तो क्वचितच उघडपणे विचारतो. धावपळ केल्याशिवाय माणूस पुढे जात नाही, मग पुढे जाण्याची किंमत शरीराने मोजलीच पाहिजे का? आणि जो धावतच नाही, तो निरोगी राहतो का?

आधुनिक वैद्यकाने या प्रश्नाला गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एक नाव दिले. ते ए-प्रकारचे व बी-प्रकारचे व्यक्तिमत्त्व. ए म्हणजे घाईचा, चुरशीचा, वेळेशी झगडणारा आणि चटकन संतापणारा. बी म्हणजे संथ, समाधानी, हातचे काम बाजूला ठेवून गप्पा मारू शकणारा. आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांनी हे वर्गीकरण ऐकताच ए म्हणजे पित्तप्रकृती आणि बी म्हणजे कफप्रकृती असे समीकरण मांडले. व्याख्यानांत ते टाळ्याही मिळवते. आमच्या मते हे समीकरण घाईचे आहे. त्यावर चिकित्सा उभी केली तर ती कोठे घसरते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खुर्चीच्या कडेवरून सुरू झालेले संशोधन

सॅन फ्रान्सिस्को येथील मेयर फ्रीडमन व रे रोझेनमन या दोन हृद्रोगतज्ज्ञांची कथा सर्वश्रुत आहे. त्यांच्या प्रतीक्षालयातील खुर्च्या दुरुस्त करावयास आलेल्या कारागिराच्या लक्षात आले की, या खुर्च्यांचे कापड फक्त पुढच्या कडेला झिजले आहे. येथे येणारे रुग्ण टेकून बसत नव्हते, नाव पुकारताच उठता यावे म्हणून कडेवर बसत होते. या निरीक्षणाचे महत्त्व डॉक्टरांना पुढे काही वर्षांनी उमगले. दर्शनपरीक्षा आपल्या शास्त्राचा पाया आहे. तरीही आपल्या प्रतीक्षालयातील बाकावर कोण कसा बसतो, हे आपण किती वेळा पाहतो?

१९६०-६१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील दहा कंपन्यांमधील ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ निरोगी पुरुषांची नोंदणी केली व साडेआठ वर्षे त्यांचा मागोवा घेतला. त्यांपैकी २५७ जणांना हृद्रोग झाला. ए-प्रकारच्या पुरुषांत त्याचे प्रमाण बी-प्रकारच्या सुमारे दुप्पट होते. १९७५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘घाई म्हणजे हृद्रोग’ ही कल्पना जगभर पसरली. या अभ्यासात एकही स्त्री नव्हती, हेही येथे नोंदवून ठेवावे.

पुढचा भाग आपल्याकडील व्याख्यानांत सहसा सांगितला जात नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ए-प्रकार व हृद्रोग यांचा संबंध आढळला नाही. १९८८ मध्ये तर पहिल्याच अभ्यासातील हृद्रोग झालेल्या पुरुषांचा पुढील मागोवा प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या झटक्यातून वाचलेले ए-प्रकारचे रुग्ण बी-प्रकारच्या रुग्णांपेक्षा अधिक काळ जगल्याचे दिसले. २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट कागदपत्रांसह पुढे आली. सिगारेट उत्पादक कंपन्यांनी या विषयातील संशोधनास दीर्घकाळ अर्थसाहाय्य केले होते. दोष तंबाखूचा नसून स्वभावाचा, असे म्हणता येणे त्यांच्या सोयीचे होते. तेव्हा रुग्ण मिश्री लावत असेल किंवा खिशात तंबाखूची पुडी बाळगत असेल, तर त्याच्या स्वभावाची चर्चा नंतर करावी.

मग सारेच संशोधन फोल ठरले काय? तसेही नाही. संशोधकांनी ए-प्रकारातील घटक वेगळे केले. कामाची ओढ, घाई, चुरस आणि वैरभाव असे सुटे घटक तपासल्यावर हृद्रोगाशी नाते दिसले ते मुख्यतः वैरभावाचे व आत धुमसत राहणाऱ्या रागाचे. कामाची ओढ त्या मानाने निर्दोष ठरली. फ्रीडमन यांच्याच चमूने एकदा झटका येऊन गेलेल्या सुमारे एक हजार रुग्णांवर केलेले काम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सल्ल्याबरोबर वागणूक बदलण्याचे शिक्षण ज्यांना दिले, त्यांच्यात साडेचार वर्षांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण १२.९ टक्के होते. केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत ते २१.२ टक्के होते. हे शिक्षण साधेच होते. मुद्दाम लांब रांगेत उभे राहणे, वाहन संथ मार्गिकेतून चालविणे, समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे अशा गोष्टींचा त्यात समावेश होता. स्वतः फ्रीडमन यांना मध्यम वयात हृद्रोग जडला होता आणि ते स्वतःला ए-प्रकारचेच मानीत. २००१ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांचे वय ९० होते.

संहितेचे उत्तर : पित्त एकटे नव्हे

आता चरकाचार्यांकडे वळू. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तिन्ही प्रकृतींची लक्षणे गुणांनुसार दिली आहेत. आपण सर्वांनी ती पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाठ केली व परीक्षेनंतर विसरलो. ती पुन्हा उघडून पाहावी. चटकन काम आरंभणे, चटकन क्षुब्ध होणे, लगेच भिणे, लगेच आवडणे व नावडणे ही लक्षणे तेथे वाताच्या शीघ्रगुणाखाली आली आहेत. पित्ताकडे तीक्ष्णता, उष्ण न सोसणे, वारंवार लागणारी भूक, क्लेश सहन न होणे ही लक्षणे आहेत. म्हणजे ए-प्रकारातील घाई वाताची आणि धार व संताप पित्ताचा आहे. एकाच शब्दात कोंबलेल्या या दोन गोष्टी आचार्यांनी आधीच वेगळ्या ठेवल्या होत्या. घाईला व संतापाला एकच चिकित्सा दिली तर एक तरी बिघडणारच. घाईच्या रुग्णास शीत-तिक्त द्रव्यांचा मारा केला की वात वाढतो आणि ‘औषधाने झोपच उडाली’ अशी तक्रार घेऊन तो परत येतो.

यशाविषयी आचार्य काय म्हणतात, हे तर अधिक मौजेचे आहे. तीव्र, चुरशीच्या माणसालाच धन व विद्या मिळते, असा लोकसमज आहे. चरकसंहितेत बल, धन, विद्या, ओज, शांती व दीर्घ आयुष्य ही सारी फळे श्लेष्मप्रकृतीच्या पदरात टाकलेली आहेत. पित्तलास बल, आयुष्य, ज्ञान व साधने मध्यम, तर वातलास अल्प. जो कामास उशिरा हात घालतो आणि ज्याचे मन लवकर ढवळत नाही, त्यालाच शेवटी अधिक मिळते, असे हे निरीक्षण आहे. फ्रीडमन व रोझेनमन यांनीही आपल्या ग्रंथात असेच मत मांडले की, सर्वोच्च पदी पोहोचलेल्यांत संथ वृत्तीची माणसे पुष्कळ असतात आणि घाईने मिळते असे वाटणारे यश बहुधा घाई असूनही मिळालेले असते.

येथे एक खुलासा अवश्य करावयास हवा. प्रकृती गर्भावस्थेत ठरते व ती बदलत नाही. फ्रीडमन यांनी वर्णिलेला प्रकार हा वर्तनाचा आहे, आणि वर्तन बदलते. म्हणून ए व बी यांची सांगड दोषप्रकृतीशी घालण्यापेक्षा सत्त्वाशी घालणे आम्हांस अधिक योग्य वाटते. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस अशी सोळा सत्त्वे सांगितली आहेत. त्यांतील याम्य व आसुर ही दोन शेजारी ठेवून वाचावीत. याम्य सत्त्वाचा पुरुष उद्योगी असतो, प्रसंगी जे करावयाचे ते करतो, स्मृतिमान असतो व ऐश्वर्य मिळवतो, मात्र राग, ईर्ष्या, द्वेष व मोह यांपासून दूर असतो. आसुर सत्त्वाचा पुरुषही शूर व ऐश्वर्यवान असतो, पण तो उग्र, मत्सरी, निर्दय व आत्मपूजक असतो. उद्यम दोघांतही आहे. एकात द्वेष नाही, दुसऱ्यात तो आहे. ज्या भेदापर्यंत पोहोचावयास आधुनिक संशोधनास तीस वर्षे लागली, तो येथे दोन सूत्रांत मांडलेला आहे. आपल्याकडे सर्व काही आधीच होते, अशी फुशारकी मारण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. जे हाताशी आहे ते रुग्णपत्रकावर उतरावे, एवढीच अपेक्षा आहे. दशविध परीक्षेतील सत्त्वपरीक्षेची जागा आपल्यापैकी कितीजणांच्या पत्रकांत कोरी असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचा वर्ग

या विषयाला आपल्या जिल्ह्याइतकी बोलकी उदाहरणे अन्यत्र मिळणे कठीण आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. धोंडो केशव कर्वे यांचा १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवलीचा, बालपण दापोलीजवळच्या मुरुडचे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूकचा. तिघेही एकाच किनाऱ्याचे, मध्यम स्थितीतील घरांचे, आणि तिघांनीही पुण्यात अध्यापन केले. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. त्यानंतर १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकविण्यासाठी गोखल्यांनी आपले सहाध्यायी कर्वे यांना बोलावून घेतले. तिन्ही आयुष्ये अशी एका ठिकाणी येऊन मिळाली. गोखले १९१५ मध्ये ४८ व्या वर्षी गेले, टिळक १९२० मध्ये ६४ व्या वर्षी. कर्वे ९ नोव्हेंबर १९६२ पर्यंत जगले. त्यांचे वय तेव्हा १०४ होते.

तीन चरित्रे म्हणजे संशोधन नव्हे, हे आम्ही जाणतो. शिवाय टिळक व गोखले दोघांनाही मधुमेह होता आणि इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये, म्हणजे दोघांच्याही मृत्यूनंतर लागला. दिवंगतांची नाडी पाहण्याचा अगोचरपणा आम्हांस करावयाचा नाही. तरी वागणुकीच्या ज्या खुणा सर्वांस ठाऊक आहेत, त्यांवरून काही शिकता येते.

गोखल्यांचे आयुष्य म्हणजे अव्याहत श्रम. १९०२ पासून केंद्रीय विधिमंडळातील कामाचा भार, १९०५ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद व त्याच वर्षी भारत सेवक समाजाची स्थापना, इंग्लंडच्या वाऱ्या, १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा आणि अखेरीस सार्वजनिक सेवांविषयीच्या शाही आयोगाचे काम. ते काम पुरे होण्याआधीच ते गेले. गोखले संतापी म्हणून कोणी त्यांना ओळखत नाही. ते सौम्य व अतिशय संवेदनशील होते. टीका त्यांच्या मनाला लागत असे. म्हणजे येथे पित्ताचा प्रकोप शोधण्यात अर्थ नाही. आपल्या परिभाषेत याला साहस म्हणतात, म्हणजे स्वतःच्या बलापलीकडचे काम अंगावर घेणे. निदानस्थानात शोषाच्या चार कारणांत साहस पहिले सांगितले आहे. ज्याचा आवाज चढत नाही, ज्याच्याविषयी घरचे ‘यांना राग म्हणून येत नाही’ असे सांगतात, अशा रुग्णाचे साहस वैद्याच्या नजरेतून नेमके सुटते.

टिळकांचे चित्र वेगळे आहे. लेखणीची धार, वाद, खटले, तुरुंगवास. वरवर पाहणारा त्यांना ए-प्रकाराचा नमुना म्हणेल. परंतु याच टिळकांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून व्यायामात घालवले व शरीर कमावले. जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यानंतर गाडीतून नेताना त्यांना गाढ झोप लागली होती, अशी आठवण सांगितली जाते. मंडालेच्या एकान्तात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. प्रखर उद्यम असूनही निद्रा शाबूत राहणे हे उत्तम सत्त्वाचे लक्षण आहे. रुग्णास ‘ताण आहे का?’ असे विचारू नये, कारण सगळेच हो म्हणतात. ज्या दिवशी वाईट बातमी आली, त्या रात्री झोप कशी लागली, हे विचारावे.

कर्व्यांना निवांत म्हणणे मात्र मोठी चूक ठरेल. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायपीट करून, वय लहान दिसते म्हणून परत फिरावे लागलेला हा मुलगा. १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यामुळे बहिष्कार सोसलेला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम व १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे करणारा हा पुरुष. सत्तरीत ते परदेशी फिरले, आणि १९३६ मध्ये, वयाच्या अठ्याहत्तरीत, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली. हिंगण्याहून शहरापर्यंतची वाट ते वर्षानुवर्षे पायी चालत. काम प्रचंड केले, पण कोणाशी स्पर्धा नव्हती, अपमान मनात ठेवणे नव्हते, आणि गती स्वतःची होती. हे याम्य सत्त्वाचे जिवंत उदाहरण म्हणावे लागेल. चिपळूणजवळचे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनाही याच ओळीत बसवता येईल. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड त्यांनी १९३० पासून १९६२ पर्यंत चिकाटीने पूर्ण केले आणि ९१ वर्षांचे आयुष्य भोगले. जाता जाता एवढेच म्हणू की, शांत पुरुषाच्या घरी धावपळ कोण करीत असते, हेही चिकित्सकाने पाहावे. बाया कर्वे यांनी आश्रमासाठी उपसलेले कष्ट त्यांच्या आत्मकथनात वाचावयास मिळतात. शांत पतीच्या नावाची केसपेपरवर नोंद होते आणि अम्लपित्ताने त्रस्त पत्नी बाहेर बाकावर बसून असते, असे आमच्याकडे अनेकदा घडते.

एकाच माणसाचे दोन प्रकार

रत्नागिरीत व्यवसाय करणाऱ्या वैद्यास आणखी एक गोष्ट दिसते, ती कॅलिफोर्नियातील कार्यालयांत दिसली नसती. येथे एकच माणूस वर्षात दोन्ही प्रकारांचा असतो. आंबा बागायतदार फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत पूर्ण ए-प्रकारचा. मोहोरावर तुडतुडा, मग फवारणी, मग काढणी, पेट्या भरणे, रात्री ट्रक लावणे, पहाटे वाशीच्या दलालाचा दूरध्वनी, आणि एका अवकाळी पावसाची टांगती तलवार. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ ऐन हंगामात किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पुढील पंधरवड्यात आमच्याकडे आलेल्या बागायतदारांत अनिद्रा व हृद्द्रव यांचीच तक्रार अधिक होती. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की तोच माणूस ओटीवर आडवा होतो. मच्छीमार बांधवांचेही तसेच. मिरकरवाड्याच्या नौका १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात किनाऱ्याला लागतात आणि दहा महिने न झोपलेला तांडेल दोन महिने झोपून काढतो.

हे ऋतुचर्येच्या नेमके उलट आहे. आदानकाळाच्या शेवटी, ग्रीष्मात, शरीरबल सर्वांत कमी असते. व्यायाम कमी करावा, मधुर व शीत आहार घ्यावा आणि दुपारी झोपावे, असे शास्त्र सांगते. दिवानिद्रेस मोकळीक आहे ती याच ऋतूत. आमचा बागायतदार या काळात उन्हात उभा, दुपारी वडापाव, रात्री चहावर चहा. वर्षा ऋतूत अग्नी मंद, दिवानिद्रा निषिद्ध, आणि नेमका तेव्हाच तो भरपेट भात खाऊन दुपारी घोरतो. प्रमेहाच्या हेतूंत आचार्यांनी बसण्याचे सुख व झोपेचे सुख ही दोन सर्वांत आधी सांगितली आहेत. म्हणजे ग्रीष्मात साहसाने वातपित्त आणि वर्षेत स्वप्नसुखाने कफमेद. प्रकार ए की बी, ही चर्चा येथे निरर्थक ठरते. दोन्ही प्रकारांचे दुष्परिणाम एकाच देहात साठतात.

सुखाची गोष्ट अशी की उपायही येथलेच आहेत. हंगामात भोजनाच्या वेळा पाळणे अशक्य असले तरी कोकमाचे सरबत किंवा जिरे घातलेले ताजे ताक शेतावर नेता येते. दुपारी अर्धा तास झाडाखाली आडवे व्हा, हा सल्ला बागायतदार हसण्यावारी नेतो. पण तो शास्त्राचा आदेश आहे, असे सांगितल्यावर बरेचजण ऐकतात. रात्री पायांना व डोक्याला खोबरेल तेल चोळणे हे कोकणातील प्रत्येक आजीस ठाऊक आहे, ते पुन्हा सुरू करावे. पावसात कुळथाची पिठी वरचेवर घ्यावी. मात्र कुळीथ उष्ण व पित्तरक्तकर असल्याने ज्याची जळजळ शमलेली नाही, त्यास ती जपून द्यावी. पाऊस उघडेल तेव्हा भाट्ये वा मांडवीच्या किनाऱ्यावर रोज चालावे.

मालकाविषयी इतके लिहिले, पण गड्याचे काय? लंडनमधील सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेल्या अभ्यासात हृद्रोगाने मृत्यूचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत तिपटीहून अधिक आढळले. ‘हृद्रोग हा साहेबांचा रोग’ हा समज त्यामुळे कोसळला. ज्याच्या हाती निर्णय नाही, त्याची चिंता अधिक घातक. बागेत राखणीस असलेला नेपाळी गुरखा, नौकेवरचा खलाशी, पेढीवरचा दिवाणजी हे निवांत दिसतात, कारण ते बोलत नाहीत. हृदय हे मनाचे व ओजाचे स्थान असल्याने त्याच्या रक्षणार्थ मनाच्या दुःखहेतूंचा परिहार विशेषत्वाने करावा, असे सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात सांगितले आहे. हृद्रोगाच्या हेतूंतही चिंता, भय व त्रास यांची गणना आहे. खलाशाच्या मनाचे दुःखहेतू आपण दूर करू शकत नाही. विचारू तरी शकतो.

रुग्णपत्रकावर काय लिहावे

ए-प्रकार ठरविण्यासाठी रोझेनमन प्रश्नावलीपेक्षा मुलाखतीस महत्त्व देत. मुलाखत घेणारा मुद्दाम अडखळत, संथपणे प्रश्न विचारी व समोरचा मध्येच वाक्य तोडतो का, हे पाही. ही युक्ती आम्ही गेली काही वर्षे वापरतो आणि ती उपयोगी आहे. त्याबरोबर पत्नीस किंवा मुलास विचारावे की, जेवताना बोलतात का, जुना अपमान पुन्हा पुन्हा काढतात का. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या, अतिराग व परधनाची इच्छा हे मनाचे वेग धारण करावेत, असे सांगितले आहे. यांतील कोणता वेग रुग्णाला आवरत नाही, एवढे एका शब्दात लिहिले तरी सत्त्वावजयाची दिशा मिळते. क्रोध असेल तर एक मार्ग, भय असेल तर दुसरा.

स्वभाव अलीकडे बदलला असेल तर मात्र तो स्वभाव समजू नये. पूर्वीचा शांत माणूस सहा महिन्यांत चिडका झाला, वजन उतरले, हात कापतात, छाती धडधडते, किंवा उत्साही गृहिणी एकाएकी सुस्त, जड व थंडी न सोसणारी झाली, तर अवटू ग्रंथीची रक्ततपासणी आधी करून घ्यावी. तेथे आचार रसायन सांगत बसणे रुग्णाचा वेळ घालविणे होय.

सुस्त, समाधानी, जाड्य असलेल्या श्लेष्मल रुग्णास ‘तुमची प्रकृती उत्तम, दीर्घायुषी आहात’ असे सांगून घरी पाठवू नये. दीर्घायुष्याचे ते आश्वासन प्रकृतिस्थ कफास आहे, वाढलेल्या मेदास नव्हे. रक्तशर्करा, रक्तदाब व कमरेचा घेर यांची नोंद ठेवावी. या प्रकारच्या माणसास एकदम कठोर व्यायाम सांगितला तर तो तिसऱ्या दिवशी सोडतो. सुरुवात उशिरा करणे व एकदा सुरू केलेले न सोडणे हा त्याचा गुणच आहे. थोड्याने आरंभ करून घ्यावा, पुढचे तो सांभाळतो.

औषधालयाच्या गल्ल्यावरून

औषधालय चालविणाऱ्या सभासदांसाठी या विषयातील जोखीम सर्वांत मोठी आहे, म्हणून हे शेवटी पण विस्ताराने लिहितो. धावपळीचा माणूस वैद्याकडे जात नाही. त्याला वेळ नसतो. तो गल्ल्यावर येतो, ‘ॲसिडिटीचे काहीतरी द्या’ म्हणतो आणि निघतो. आमच्या परिचयाचे एक औषधविक्रेते आहेत. पन्नाशीचा एक बागायतदार मार्च महिन्यात त्यांच्याकडून तिसऱ्यांदा अविपत्तिकर चूर्ण नेऊ लागला, तेव्हा त्यांनी पुडा हातात न देता एकच प्रश्न विचारला : जळजळ जेवल्यावर होते, की चढ चढल्यावर? उत्तर आले, बागेची घाटी चढताना होते, मध्ये थांबले की जाते. त्यांनी चूर्ण परत कपाटात ठेवले, गृहस्थाच्या मुलास बोलावून घेतले व तासाभरात त्याला हृदयालेखासाठी रुग्णालयात धाडले. हृदयाच्या दोन रोहिणी अरुंद झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. आज तो गृहस्थ पथ्याने व नियमित औषधाने हिंडता-फिरता आहे.

हा प्रश्न प्रत्येक गल्ल्यावर लिहून ठेवण्याजोगा आहे. श्रमाने येणारी व विश्रांतीने जाणारी छातीतील जळजळ, दाब वा जडपणा, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी वेदना, सोबत घाम व धाप, यांतील काहीही असेल तर चूर्ण देऊ नये, रुग्णालयात पाठवावे. विश्रांती घेऊनही ती थांबत नसेल तर रुग्णास स्वतः वाहन चालवू देऊ नये. मधुमेही रुग्णास वेदना फारशी जाणवतही नाही, नुसती धाप किंवा अस्वस्थता असते. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात दिसले. म्हणून ‘वय काही फार नाही’ हा दिलासा ग्राहकास देऊ नये.

सूतशेखर व तत्सम रसकल्पांविषयीही हेच. त्यांत बचनाग, धोत्रा यांसारखी द्रव्ये असतात आणि वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना कायद्यानेच छापावी लागते. ग्राहक ओळखीचा आहे म्हणून ती सूचना सैल होत नाही. ‘ताणतणावावर हमखास’, ‘हृद्रोग व मधुमेह मुळापासून’ अशा पाट्या लावणाऱ्या बांधवांनी १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा एकदा वाचावा. हृद्रोग, मधुमेह व रक्तदाब ही तिन्ही नावे त्याच्या अनुसूचीत आहेत.

एक साधी वही गल्ल्याजवळ ठेवावी. त्यात पित्तशामक, निद्राजनक व रेचक औषधे सलग तीन आठवड्यांहून अधिक नेणाऱ्यांची नोंद करावी. पुढच्या खेपेस त्यांना जवळच्या वैद्याचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि ती चिठ्ठी घेऊन रुग्ण आला का, हे वैद्यांनी महिन्यातून एकदा औषधालयात कळवावे. हंगामात, म्हणजे मार्च ते मे, ही वही रोज संध्याकाळी चाळावी.